संपूर्ण उपस्थितीची ढाल

"सरू, ए सरू! ढाल मिळाली तुला, ढाल!"

वैजयंता माळी जिना उतरायला लागली की दिसायच्या आधी ऐकू यायची. तिसऱ्या मजल्यावरून निघालेला तिचा आवाज दुसऱ्या मजल्याला वळसा घालून, कुठेही दम न खाता, थेट जिन्याखाली माझ्या तीनचाकीपाशी येऊन थडकायचा. मागोमाग ती. त्या दिवशी तिच्या ओढणीचं एक टोक पायऱ्यांवरून लोळत होतं आणि पेन केसांतच राहिलं होतं.

"कसली ढाल?" मी विचारलं.

"संपूर्ण उपस्थितीची! आत्ता वर्गात सूचना वाचून दावली. अख्ख्या कॉलेजात तू एकटी. जूनपासनं एक खाडा न्हाई म्हणं तुझा. गॅदरिंगला पाहुण्यांच्या हातनं देणार हाईत."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग दोघींना एकदमच हसू फुटलं. वैजू तर पायरीवर बसून पोट धरून हसत होती. ज्या वर्गात माझा एकही खाडा नव्हता, त्या वर्गाचं दारसुद्धा मी अजून बघितलेलं नव्हतं.

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. त्याचं फार कौतुक मी कधी केलं नाही, आमच्या घरानंही नाही. आण्णांचं एस.टी. स्टँडसमोर सायकलचं दुकान होतं. त्यांनी जुन्या सायकलींचे भाग जोडून मला हातानं फिरवायची तीनचाकी करून दिली होती, आणि तिच्यावरून मी गावभर हिंडत असे. बाजारात, देवळात, गिरणीत, कुठंही. कुबड्या घेऊन दोन-तीन पायऱ्याही चढता यायच्या. पण आमच्या कॉलेजात शिक्षण जेवढं वरचं, तेवढा मजलाही वरचा, अशी रीत होती. तळमजल्यावर कार्यालय, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय. एम.ए. म्हणजे थेट गच्चीखाली.

बी.ए. मी घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं. पहिला वर्ग मिळाला, तेव्हा ठरवलं की एम.ए. कॉलेजात जाऊन करायचं, अर्थशास्त्रात, आणि पुढं प्राध्यापक व्हायचं. प्रवेशाच्या वेळी मी प्राचार्य इनामदार सरांना विचारलं, "सर, आमचा वर्ग खाली घेता येईल का?"

इनामदार सर मनानं फार चांगले. कुणाच्या घरी मयत झालं की हा माणूस सगळ्यांत आधी पोचायचा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, खाली खोली कुठली? आणि तू एवढा त्रास तरी कशाला घेतेस? घरी बसून निवांत अभ्यास कर. हजेरीचं माझ्याकडे लागलं."

आणि खरंच त्यांनी ते मनावर घेतलं. रोल नंबर सातची, म्हणजे माझी, हजेरी रोज लावायची, असा त्यांनी तोंडी हुकूमच काढला. मुजावर सर वर्गावर आले, हजेरी घ्यायला लागले आणि सातवर पोचले की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हजर!" सुरुवात वैजूनं केली होती. मग त्याची सवयच पडून गेली. उशिरा आलेली पोरं स्वतःची हजेरी चुकली तरी माझ्या "हजर"मध्ये सूर मिसळून मगच बाकावर बसत.

पहिल्या दिवशी वर जायचा प्रयत्न झाला होता. चार पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. पोरं चांगली होती, हौसेनं उचललं. पण पहिल्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात निसटला, खुर्ची कलली, आणि मी कठड्याला धरलं म्हणून वाचले. "मला इथंच खाली ठेवा," म्हटलं आणि एकेक पायरी बसत बसत खाली आले. रोज चार पोरं मोकळी सापडणार, त्यांना माझी कीव येणार आणि कीव नाही आली तर कंटाळा येणार. मधेच बाथरूमला जायचं झालं तर परत त्याच चौघांना हाक मारायची. ते मला नको होतं. मला वर्गात बसायचं होतं, पार्सलासारखं पोहोचतं व्हायचं नव्हतं.

घरीही मी बसले नाही. रोज वेळेवर यायचे, जिन्याखाली तीनचाकी लावायचे आणि तास संपायची वाट बघायचे. तास संपला की वैजू खाली येऊन तोच तास मला परत शिकवायची. मुजावर सरांनी तासभर सांगितलेलं वैजूच्या तोंडून दहा मिनिटांत संपायचं. "आज काय न्हाई, मागणी आणि पुरवठाच होतं, थोडं गुंडाळूनच सांगितलं." एकदा तर तिनं दोन वेगवेगळे सिद्धांत असे एकत्र करून दिले की ते वेगळे करायला मला आठवडा लागला. पण ते चालायचं. न चालणारी गोष्ट वेगळीच होती.

वर वर्ग हसायचा. मुजावर सर स्वतः कधी हसत नसत, पण त्यांचा वर्ग हसायचा. तीन मजल्यांवरून खाली येईपर्यंत त्या हसण्याचा नुसता गडगडाट राहायचा. माझ्यासमोर पुस्तक उघडं असायचं आणि माझं सगळं लक्ष छताकडे.

वैजू खाली आली की मी आधी तेच विचारायचे. "कशाला हसला गं वर्ग?"

"ते होय? अगं सर म्हणाले की..." ती सांगायला लागायची, मधेच थांबायची. "तसं न्हाई गं ते. सांगून न्हाई कळायचं. तिथं असायला पायजे होतंस."

हे ती रोज म्हणायची. धड्याची वही उतरून घेता येते. हसणं कसं उतरून घेणार? वीस-पंचवीस माणसं एका खोलीत एकाच वेळी हसताहेत आणि आपण जिन्याखाली, याचं मला इतकं वाईट वाटायचं की कधी कधी मी ते हसणं ऐकू येऊ नये म्हणून घंटा वाजवत बसायचे. तीनचाकीला आण्णांनी मोठी पितळी घंटा लावली होती.

आणि आता माझ्याच नावावर ढाल.

मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. इनामदार सर गॅदरिंगचा अहवाल लिहीत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"ये बाळ! कळलं का? अगं, कार्यालयानं यादी आणून दिली तेव्हा मीच चकित झालो. शंभर टक्के उपस्थिती! मी अहवालात खास लिहिलंय बघ. 'अपंगत्वावर मात करून एकही दिवस न चुकता...'"

"सर," मी म्हटलं, "मी वर्गात एकदाही गेले नाही. तुम्हीच हजेरी लावायला सांगितलंय."

त्यांचा हात थांबला. क्षणभर त्यांना ते आठवलं असावं. मग ते पुन्हा हसले. "अगं, रोज जिन्यापर्यंत येतेसच ना? मनानं तू वर्गातच असतेस. हे काय खोटं आहे का?"

"मनानं बसून हसायला येत नाही, सर."

"म्हणजे?"

"काही नाही सर. वर्ग खाली आणा ना. ढाल नको मला."

"बाळ, खोली नाही ना खाली." त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "असती तर मी नाही म्हटलं असतं का? बरं, ते राहू दे. त्या दिवशी चार पोरं तुला खुर्चीसकट स्टेजवर आणतील. फोटोही छान येईल. कोल्हापूरहून मॅडम येणार आहेत, मोठ्या अधिकारी आहेत. त्यांना किती बरं वाटेल!"

त्यांच्या खोलीसमोरच अभ्यागत कक्ष होता. दार अर्धवट उघडं होतं. आत पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे, काचेचं टेबल आणि कागदाच्या फुलांची फुलदाणी. वर्षातून एक-दोनदा पाहुणे येऊन तिथं चहा प्यायचे. इतर वेळी तिथं फक्त पंखा फिरायचा. मी त्या खोलीकडे बघितलं, सरांनी माझं बघणं बघितलं आणि घाईघाईनं सांगितलं, "ती पाहुण्यांची खोली आहे बाळ."

बाहेर मुजावर सर स्कूटरला किक मारत होते. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यांचा आवाज तीन मजल्यांखाली माझ्यापर्यंत रोज यायचा, पण आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो.

"सर, मी तुमच्या वर्गात आहे का?" मी सरळच विचारलं.

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. "कागदावर आहेस."

"आणि तुम्हाला ते पटतं?"

"मला विचारलंय कुणी? प्राचार्यांचा हुकूम आहे. ते म्हणतात सात नंबर हजर, मी म्हणतो हजर." त्यांनी चष्मा पुसला. "उद्या हुकूम बदलला, तर जो समोर दिसेल आणि तोंडानं बोलेल, त्याचीच हजेरी लावीन. मग तो प्राचार्यांचा जावई असला तरी."

"हुकूम कोण बदलणार सर?"

"ढाल मला नाही मिळाली," मुजावर सर म्हणाले आणि या वेळी स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. आईनं शेजारच्या दोघीतिघींना सांगून टाकलं होतं आणि माझ्यासाठी मोरपंखी साडी काढून पलंगावर ठेवली होती.

"आई, खोटी ढाल आहे ती. मी वर्गात गेलेच नाही."

"तुला कोण म्हणलं खोटी? उनातानात रोज जातीस न्हवं? माज्या डोळ्यानं बघतीया मी." आईनं साडीची घडी उलगडली. "चार लोकांत मान मिळायला लागलाय, तर गप घे की. वाकडं कशाला शिरतीस?"

"मग मला जन्मभर जिन्याखालीच बसवतील गं. ढाल दिली की संपलं. वर्ग खाली आणा असं परत कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणतील, ही तर रोज हजर असते."

आण्णा दाराशी बसून माझ्या तीनचाकीच्या साखळीला तेल घालत होते. वर न बघता ते म्हणाले, "घे न्हाईतर नको घेऊ. पर स्टेजवर खुर्चीसकट चढनार आसशील तर मी येत न्हाई बघाय. मी गाडी करून दिलीया ती काय उचलून न्यायला?"

त्या आठवड्यात मी एक भाषण लिहून पाठ केलं. त्यात समता होती, संधी होती, घटनेचाही उल्लेख होता. वैजूपुढं म्हणून दाखवलं, तर ती म्हणाली, "चांगलं हाय. पर सरू, लोक चिवडा खात असत्यात."

गॅदरिंगच्या दिवशी मी लवकर जाऊन पोर्चमध्ये थांबले. मोरपंखी साडी नेसले होते, कारण आईला एकदाच 'नाही' म्हणायचं असं ठरवलं होतं आणि ते 'नाही' मी ढालीसाठी राखून ठेवलं होतं. पाहुण्या मॅडमची गाडी आली. साठीकडे झुकलेल्या, अंगानं भरलेल्या, जरीच्या काठाची साडी. गाडीतून उतरताना त्यांनी आधी दार धरलं, मग ड्रायव्हरचा खांदा. अभ्यागत कक्षाला दोनच पायऱ्या, पण त्या चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, कठडा धरून त्या थांबल्या आणि पुटपुटल्या, "गुडघ्यांनी नुसता जीव घेतलाय हो."

"चहा घेऊ मॅडम, या, या," इनामदार सर हात धरून त्यांना आत घेऊन गेले.

मी वैजूला म्हटलं, "भाषण रद्द."

"का गं? भ्यालीस?"

"भ्याले कुठली! दुसरं सुचलं. तू फक्त माइकची वायर केवढी लांब आहे ते बघून ये."

मांडव मैदानात होता. बक्षिसं सुरू झाली. धावण्याची, रांगोळीची, वक्तृत्वाची. मॅडम स्टेजवर खुर्चीत बसूनच बक्षिसं देत होत्या, पोरंपोरी येऊन वाकत होती. शेवटी इनामदार सरांनी स्वतः माइक घेतला. त्यांच्या आवाजात माझं कौतुक होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"आता एक विशेष पारितोषिक. संपूर्ण उपस्थिती. जूनपासून आजतागायत एकही दिवस न चुकलेली आमची विद्यार्थिनी, एम.ए. भाग एक, रोल नंबर सात..."

सरांनी नाव घ्यायच्या आधीच मांडवाच्या डाव्या कोपऱ्यातून, जिथं माझा वर्ग बसला होता तिथून, सवयीनं एका सुरात आवाज आला, "हजर!"

अख्खा मांडव हसला. मॅडमही हसल्या. "हे काय?" त्यांनी इनामदार सरांना विचारलं. माइक चालू होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मुलगी कुठं आहे? आणि हे का ओरडताहेत?"

चार पोरं खुर्ची घेऊन माझ्याकडे यायला निघाली. मी हात करून त्यांना थांबवलं आणि तीनचाकी चालवत स्टेजच्या अगदी पुढे नेऊन उभी केली. वैजू दुसरा माइक ओढत आली. वायर नेमकी पुरली.

"नमस्कार मॅडम," मी म्हटलं. माझा आवाज मोठा लागला आणि मला तो आवडला. "मी सरोजिनी खराडे. रोल नंबर सात. ढाल मी आनंदानं घेईन. फक्त एक विनंती आहे. ढाल उपस्थितीची आहे, तर ती माझ्या वर्गात द्या. सगळा वर्ग तिथं येईल, माझे सरही. मी जिथं हजर असते असं सरांनी सांगितलं, तिथंच घेते."

मॅडमना ते आवडलं. "छान कल्पना आहे! चला की. कुठं आहे वर्ग?"

"तिसऱ्या मजल्यावर."

मॅडम उठायला लागल्या होत्या, त्या परत बसल्या. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. "लिफ्ट आहे ना?" त्यांनी इनामदार सरांना विचारलं.

"नाही मॅडम."

"मग बाई, मला नाही जमायचं तिसरा मजला. या गुडघ्यांना..." असं म्हणता म्हणता त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग तीनचाकीकडे, मग पुढं अडकवलेल्या कुबड्यांकडे. "पण मग ही रोज कशी जाते?"

मी इनामदार सरांकडे बघितलं. ते बोलायचं काम माझं नव्हतं. मांडवात चिवडा खायचाही आवाज थांबला होता.

"जात नाही मॅडम," शेवटी इनामदार सर अगदी हळू म्हणाले. "आम्ही... हजेरी लावतो."

"आणि ही कुठं असते?"

"जिन्याखाली असते मॅडम!" माझ्या मागून वैजू ओरडली. तिला माइकची गरज नव्हती.

मॅडमनी ढाल हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. पितळी होती, चांगली जड. "वर्ग खाली का नाही आणत?"

"खाली खोली नाही मॅडम. खरंच नाही. असती तर..."

"मघाशी मला चहा दिलात ती काय होती?"

मांडवात मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघांनी, मग माझ्या वर्गानं तर बाकं आपटायला सुरुवात केली. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"सरोजिनी, ही ढाल मी आज तुला देत नाही. चालेल?"

"पळेल मॅडम," मी म्हटलं.

"ही प्राचार्यांकडे ठेवते. सोमवारपासून तुझा वर्ग खाली भरेल. भरेल ना, इनामदार? हां. सोमवारपासून परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकली नाहीस, तर ही ढाल तुझी. मी परत येईन द्यायला. चहा त्या खोलीत नाही मिळाला तरी चालेल मला."

मी मान डोलावली. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मी रडेन. पण मला नुसता उत्साह आला होता. आण्णा मांडवाच्या कडेला उभे होते आणि उगाचच शेजारच्या माणसाला तीनचाकीच्या साखळीबद्दल सांगत होते.

कार्यक्रम संपल्यावर इनामदार सर माझ्याजवळ आले. फेट्याचा शेमला खांद्यावर तसाच, चेहरा उतरलेला.

"बाळ, मी तुझं वाईट कधी चिंतलं का गं?"

"नाही सर. तुम्ही माझं चांगलंच केलंत," मी म्हटलं. "फक्त मला विचारून करायला हवं होतं."

त्यांनी खांद्यावरचा शेमला सारखा केला. मग म्हणाले, "सोफे हलवता येणार नाहीत मात्र. संस्थेच्या अध्यक्षांनी दिलेत." मी म्हटलं, सोफ्यांना माझी काही हरकत नाही.

सोमवारी आण्णा सकाळीच दुकानातली जाड फळी खांद्यावर टाकून आले आणि अभ्यागत कक्षाच्या दोन पायऱ्यांवर ती टेकवून तिच्यावर उभे राहून तीनदा उड्या मारून गेले. मी तीनचाकीसकट आत गेले. आत नुसता गोंधळ होता. आधी आलेल्यांनी सोफे पटकावले होते, एका सोफ्यावर पाच-पाच पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या, उरलेल्यांनी वरून बाकं आणली होती. काचेच्या टेबलावर कुणीतरी डबा ठेवला होता, कागदाची फुलं एका पोराच्या खिशाला होती. खिडकीजवळ, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्याच्या समोर, तीनचाकीपुरती जागा वैजूनं आपल्या पिशव्या ठेवून अडवली होती.

मी तिथं जाऊन थांबले. वर्ग असा असतो तर. मला सगळंच बघायचं होतं. पुढच्या पोराच्या मानेवरचा तीळ, वहीत चोरून चित्र काढणारी पोरगी, भिंतीवरचं संस्थापकांचं चित्र, त्यावरचा वाळलेला हार. मुजावर सर आत आले, सगळे उठले, सोफ्यातले जरा उशिरा उठले. सरांनी सोफ्यांकडे बघितलं, फुलाकडे बघितलं. खिशातलं एक पेन काढून हजेरी सुरू केली.

हजेरी घेतानाचा सरांचा आवाज एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच ऐकत होते. प्रत्येक नंबर म्हणताना ते मान वर करायचे, चेहरा बघायचे, मगच खूण करायचे. पोरंपोरी उत्तर देत होती, कुणी "हजर", कुणी "येस सर", एक जण नुसता खोकला. किती वेगवेगळे आवाज! आजवर मला फक्त एकच मोठा आवाज ऐकू येत आला होता. मी तेच ऐकत बसले होते, अगदी मन लावून.

"सात."

नेहमीचा तो सूर या वेळी लागला नाही. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. सगळे हसतमुखानं, काहीतरी मोठं होणार असल्यासारखे. मलाही वाटलं, काहीतरी होणार आहे. मीही हसत त्यांच्याकडे बघत राहिले.

"सात," मुजावर सर परत म्हणाले.

वैजूनं मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, ती आनंदानं ढोसतेय. मी तिला परत ढोसलं.

सरांनी पेन टेकवलं. "सात गैरहजर. आठ."

"सर!" मी भानावर आले. "सर, मी आहे ना इथं! तुमच्या समोरच आहे!"

मुजावर सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दिसतंय. पण पुकारल्यावर बोलायचं असतं. नियम सगळ्यांना एकच आहे." मग वर्गाकडे वळून तितक्याच कोरड्या आवाजात म्हणाले, "जूनपासून एक दिवस चुकली नव्हती बिचारी. आजच नेमकी आली आणि खाडा पडला."

काचेचं टेबल हादरेल एवढा वर्ग हसला. सोफ्यावरच्या पाचजणी एकमेकींवर कोसळल्या, फुलवाल्यानं तोंडावर वही धरली, वैजू तर टेबलावर डोकं टेकून हुंदके दिल्यासारखी हसत होती. माझी ढाल पहिल्याच दिवशी गेली होती, आणि मी घंटा वाजवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. वर्ग कशाला हसला, हे त्या दिवशी मला कुणाला विचारावं लागलं नाही.